हात मागे बांधून

अगं, मंगळवारपासून मुलं येणार म्हणालीस, तर त्याआधी ओटीच्या भिंतीवर चिकटवलेली ती फुलपाखरं आणि इंद्रधनुष्य काढून टाक. मूल आत आलं की आधी भिंत बघतं आणि ह्या बाईंना काय आवडतं ते दोन मिनिटांत ओळखतं. मग महिनाभर तुला फुलपाखरंच मिळतील. भिंत कोरी ठेव. एक सुतळी ताणून बांध, तिला कपड्यांचे चिमटे लाव, पुरे झालं.

मावशीनं एवढी वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, तिला विचारून घेऊ, म्हणून तू आलीस. पण तुझं काम माझ्यासारखं नाही, हे आधी समजून घे. माझ्याकडे साठ-पासष्ट पोरं आणि पस्तीस मिनिटांचा तास. त्यातली दहा मिनिटं वह्या काढण्यात जायची, पाच पाणी सांडण्यात. तुझ्याकडे नऊ मुलं, सहा ते चौदा वर्षांची, एकही शाळेत जात नाही, सगळी घरीच शिकतात, आणि घंटा नाही. वसईला तसंही घंटा लाभत नाहीत. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चच्या घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. तेव्हापासून वसईकर वेळेवर कुठे पोचत नाही, असं तुझे काका म्हणायचे.

तर घंटा नाही म्हणजे थांबायचं कधी ते तू ठरवायचंस. माझा ठोकताळा पाण्याचा. डब्यातलं पाणी एकदा बदलून दिलं, ते दुसऱ्यांदा काळं झालं, की आवरायला घ्यायचं. त्यानंतरचे रंग चिखल होतात, आणि आपलं चित्र आपणच बिघडवलं असं मुलाला वाटतं. खरं तर ते फक्त दमलेलं असतं. मात्र एखादं मूल मान खाली घालून रंगलेलं असेल, तर बाकीच्यांना आवरू दे, त्याला बसू दे. आईला सांग, अर्ध्या तासानं ने. शाळेत हे मला कधीच करता आलं नाही. तुला येईल, आणि ह्या एका गोष्टीचा मला तुझा हेवा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. मुलं काम करत असताना तू वर्गात हात मागे बांधून फिरायचं. अक्षरशः. उजव्या हातानं डावं मनगट धरायचं. नाहीतर आपला हात कधी मुलाच्या कागदावर जातो ते आपल्यालाही कळत नाही.

माझ्या वर्गात एक कोळ्याचा मुलगा होता, पाचूबंदरचा. त्यानं बापाची होडी काढली. होडीच्या पोटात इंजिन दिसत होतं, बर्फाची पेटी दिसत होती, जाळ्याची गुंडाळी दिसत होती, आणि समुद्र होडीच्या वरही होता नि खालीही. मी म्हटलं, अरे, होडीच्या आतलं बाहेरून दिसतं का? खोडरबर घेतलं, पोट साफ केलं, क्षितिजाची रेघ ओढून दिली, डोलकाठी ताठ केली. मागे दोन नारळाची झाडंही काढून दिली, कारण तेव्हा मला सगळ्याच चित्रांत नारळाची झाडं लागायची. चित्राला आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मिळालं. प्रदर्शन संपल्यावर बाकीच्या मुलांनी आपापली चित्रं नेली. हा आलाच नाही. मी वर्गात नेऊन दिलं, तर म्हणाला, "बाई, हे माझं नाय. हे तुमचं हाय." उद्धटपणा नव्हता त्यात. दप्तर अदलाबदल झालं तर मुलं सांगतात तसं, सरळ सांगितलं. ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे. मला त्याची होडी बघायची होती, ती मी स्वतःच पुसली. बापाबरोबर पहाटे डोल जाळं सोडायला जाणाऱ्या पोराला होडीच्या पोटात काय असतं हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्याला तेच सांगायचं होतं.

म्हणून हात मागे. मूल अडलं, "बाई, घोड्याचे पाय काढून द्या" म्हणालं, तर दुसऱ्या कागदावर, त्याच्यापासून लांब बसून, एक पाय कसा वाकतो ते दाखव आणि तो कागद चुरगळून टाक. नाहीतर ते त्याची नक्कल करत बसेल. त्याहून बरं म्हणजे त्यालाच चार पायांवर ओणवं कर आणि विचार, तुझा गुडघा कुठल्या बाजूला वाकतो? हसतं, पण पाय नीट येतो.

शाळेत न जाणारी मुलं सगळी सारखी असतील असं समजू नकोस. जी पहिल्यापासून घरीच शिकली ती बिनधास्त असतात, मांडी ठोकून बसतील, मध्येच उठून मांजर बघायला जातील. त्यांना ब्रश धुवायची शिस्त लागायला वेळ लागेल. पण जे मूल तिसरी-चौथीत शाळेतून काढलंय, ते वेगळं ओळखू येतं. "मिस, निळा वापरू?" "मिस, इथून सुरू करू?" "मिस, बाथरूमला जाऊ?" ते आलं की पहिले तीन-चार आठवडे त्याला कुठला विषय देऊ नकोस. पाठकोरे कागद नि कोळशाची कांडी दे आणि सोड. काही नाही काढलं तरी चालेल. अशा एका मुलानं माझ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग पाच दिवस नुसता कोळसा घासून कागद काळे केले. सहाव्या दिवशी त्या काळ्यावर खोडरबरानं एक खिडकी काढली. त्या पाच दिवसांत मी काही बोलले असते तर ती खिडकी दिसली नसती.

नऊ-दहा वर्षांची मुलं एका दिवशी येऊन म्हणतील, "मला येत नाही." कालपर्यंत भराभर काढणारं मूल अचानक पुसायला लागतं. त्या वयात डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो, एवढंच असतं ते. तेव्हा शाबासकी देऊ नकोस, त्यांना ती खोटी आहे हे कळतं. त्यांना स्वतःचा डावा हात काढायला बसव. नजर हातावर, कागदाकडे बघायचंच नाही, पेन्सिल उचलायची नाही, बोटाच्या कडेवरून मुंगी चालल्यासारखी रेघ सरकवायची. जे येतं ते भयंकर दिसतं, सगळे हसतात, आणि त्या हसण्यात "येत नाही" निघून जातं. पुढच्या वेळी नखाच्या कडेची एक रेघ बघ कशी खरी आलेली असते.

आयांचं सांगते. ह्या मुलांच्या आया सोडून जात नाहीत, भिंतीला टेकून बसतात. आणि बसल्या की, "सोन्या, सूर्य पिवळा ना?" सुरू. त्यांना बाहेर काढू नकोस, त्यांचा जीव त्या मुलात गुंतलेला आहे, आणि शाळेतून काढलं म्हणून सासर-माहेर दोन्हीकडून बोलणी खाल्लेली असतात. त्यांच्याही पुढे कागद ठेव. काहीच म्हणू नकोस, कागद, पेन्सिल आणि एक वांगं ठेव. पंधरा मिनिटांत त्यांची वांगी पुसून पुसून कागद फाटायला येतो आणि मुलाच्या कागदाकडे बघायची फुरसत राहत नाही. दुसरा फायदा असा की चित्र काढणं अवघड असतं हे त्यांना कळतं.

आणि मोबाईल. दर चित्राचा फोटो काढून स्टेटसला टाकायचा असतो त्यांना. महिन्याच्या शेवटी सगळी चित्रं एकदम दाखवीन, तोवर फोटो नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. नाहीतर मूल फोटोसाठी काढायला लागतं, चित्र अर्ध्यात असताना आईकडे बघतं. फी महिन्याच्या सुरुवातीलाच घे आणि तोंडी आकडा नीट सांग. ह्यात भिडस्तपणा केलास तर तिसऱ्या महिन्यात तुझाच वर्गात जीव लागणार नाही. कोणी वाडीतली केळी आणून दिली तर तीही घे. पण फीच्या ऐवजी नाही, फीवर.

सामानाला फार खर्च करू नकोस. पोस्टर कलरचे पाच रंग आण: लाल, पिवळा, निळा (तो मात्र दोन प्रकारचा), पांढरा, काळा. हिरवा आणायचा नाही. वसईत राहून हिरवा विकत घ्यायचा म्हणजे समुद्रकाठी बसून मीठ उसनं मागायचं! हिरव्याचे निदान चार मंगळवार कर. मुलांना सांग, येताना दहा पानं घेऊन या, प्रत्येक वेगळं. केळीचं, विड्याचं, अळवाचं, चाफ्याचं, आंब्याची कोवळी पालवी. पानाचा तुकडा कागदावर चिकटवायचा आणि शेजारी त्याचा रंग मिसळून लावायचा. लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला की कोवळ्या केळीच्या पानासारखा उजळ हिरवा होतो. त्याच पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर मंद पडतो, आंब्याच्या जुन्या पानाकडे जातो, कारण त्या निळ्यातच थोडी लाली असते. त्यात लाल रंगाचा नखभर ठिपका टाकलास की वाळक्या पानाच्या जवळ येतेस. आंब्याची पालवी तर हिरवी नसतेच मुळी, तांबूस असते, आणि हे मुलाला आपलं आपण दिसलं की त्या दिवशीचं काम झालं. तू सांगू नकोस. जीभ चावून गप्प बस.

मोठ्यांना रंग बनवायचे असतील तर घरात खजिना आहे. हळदीत चुना घातला की कुंकवासारखा लाल येतो. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाक, निळं होतं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं. ते कागदावर टिकत नाहीत, उन्हात उडून जातात, हे आधी सांग म्हणजे कोणी रडणार नाही. लहान सहा-सात वर्षांच्या पोरांना भेंडी आडवी कापून दे, चांदणी उमटते. केळीच्या पानाचा जाड दांडा कापून बघितलायस का कधी? आत जाळी असते, तिचा ठसा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा येतो. रंग कालवायला करवंट्या. प्लास्टिकच्या पॅलेटपेक्षा बऱ्या, उलटत नाहीत, आणि फुटल्या तरी चुलीत जातात.

घरातल्या, अंगणातल्या वस्तूंनी शिकवायचं, ही माझी कल्पना नाही. घरशाळा हे मुंबईकरांचं नवं खूळ आहे असं तुझ्या आईला वाटतं, तिला सांग की आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, कारण कोणाला गुरं राखायची, कोणाला कडेवरचं भावंड सांभाळायचं. तेव्हा ह्या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं चरतात त्या कुरणात नेली. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरीच्या पद्धतीनं काम करून आल्या होत्या. पण ती साधनं महाग. इथे त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, माती घेतली. त्यांच्याकडे शाळा घरी गेली, तुझ्याकडे मुलं घरातून तुझ्या ओटीवर येतात, एवढा फरक. मी तरुणपणी एकदा कोसबाडला गेले होते. डोक्यात राहिलं ते एवढंच, की सगळं सामान मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेलं होतं. मागावं लागत नव्हतं. तुझं ते वरचं कपाट रिकामं कर आणि कागद, ब्रश, डिंक खाली पाटावर मांड.

पहिल्या महिन्यातच कोणीतरी म्हणेल, वारली पेंटिंग शिकवा ना. म्हणजे चॉकलेटी कार्डशीट, पांढरा रंग, दोन त्रिकोण जोडून माणूस, गोल फिरणारा तारपा, झालं. असं करू नकोस. दोन त्रिकोण एकदा हातात बसले की मूल माणसाकडे बघायचंच सोडतं. आणि ती नक्षी नाही गं. लग्नाचा चौक असतो तो, आत पालघट देवी, सवाशिणी तांदळाच्या पिठानं आणि बांबूच्या काडीनं काढतात, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर. ह्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. बायकांचं काम होतं ते. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात इकडे फिरले, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले. रोजचं जगणं, मासेमारी, पेरणी, सगळं त्यांच्या रेघेत आलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं आणि मातीत रेघा ओढून सांगायचे, असं सांगतात. ते ऐकल्यापासून न बोलणाऱ्या मुलाला मी बोलतं करायला जात नाही, त्याच्या समोर माती सरकवते.

मुलांना खरंच वारली शिकायची असेल तर आपल्या तालुक्याच्या पूर्वेला पाडे आहेत, तिथल्या एखाद्या काढणाऱ्या बाईला बोलव, जाण्या-येण्याचे पैसे आणि बिदागी दे, आणि तू मुलांबरोबर खाली बस. "मुलांना अनुभव मिळेल" म्हणून फुकट बोलवायचं नाही. त्याआधी मुलांना त्यांच्या घरचं लग्न, निर्मळची जत्रा, नाताळचा गोठा, गणपतीची मिरवणूक त्यांच्या रेघेत काढू दे.

पावसाचं लक्षात ठेव. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद ओला वाटतो, कारण तो ओलाच असतो. पहिला थर वाळत नाही तोवर मूल दुसरा लावतं आणि सगळं एकमेकांत उतरतं. त्या चार महिन्यांत खडू, कोळसा, तैलखडू आणि माती. शाडू गणपतीच्या आधी सगळीकडे मिळतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, बनवलेली वस्तू सावलीत हळूहळू वाळव, पंख्याखाली ठेवलीस की तडे जातात. किंवा मेणबत्तीनं पांढऱ्या कागदावर काढायचं आणि वरून एकच पातळ रंग फिरवायचा, मेणाची रेघ कोरी उठून दिसते. वाट बघायला लागत नाही. कोरे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आत कापराच्या वड्या. बुरशी लागलेल्या कागदावर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो आणि मुलाला वाटतं त्याचं चुकलं.

पाऊस सरला की किल्ल्यात ने. दिवाळीनंतर, सकाळी आठला, अकराच्या आत परत. सगळा किल्ला काढा म्हणू नकोस, मोठी माणसंही घाबरतात. पुठ्ठ्यात आगपेटीएवढी खिडकी कापून दे, तिच्यातून बघायचं, आणि त्यात येईल तेवढंच काढायचं. एक कमान, अर्धी खिडकी, ताडाचा बुंधा. सावल्या आधी रंगवून घ्यायला सांग, कारण तासाभरात त्या सरकलेल्या असतात. दगड कुठे जात नाही. टोप्या, पाणी, आणि दोन आया बरोबर. तटावर चढायचं नाही, हे मात्र तिथे पोचायच्या आधी सांगायचं, तिथे गेल्यावर नाही.

एखादे बाबा येतील आणि विचारतील, ह्याचं पुढे काय, परीक्षा काय? चिडू नकोस, त्यांनी लोकांना उत्तर द्यायचं असतं. त्यांना सांग, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते, चौदा वर्षं पूर्ण लागतात, आणि तिथे चित्रकला हा विषय घेता येतो. राज्य मंडळाची दहावी हवी तर १७ नंबरचा फॉर्म. इतकंच सांग आणि त्यांना चहा दे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी मी आयुष्यभर करून घेतली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. त्यातलं वस्तुचित्र चांगलं, मुलाला बसून बघायला लावतं. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या घाण्याला जुंपू नकोस. मी जुंपलंय, मला माहीत आहे. ए ग्रेड आली की पुष्कळ मुलं रंगपेटी माळ्यावर टाकायची.

चित्राखाली सही मुलाला करू दे, मागच्या बाजूला तारीख तू घाल. तुला वर्षानं समजेल का ते. आणि चित्र बघून "छान" म्हणू नकोस. "हे इथे काय चाललंय?" असं विचार आणि खरंच ऐक. मग त्या होडीतलं इंजिन दाखवतील तुला.

बादल्या दोन लागतील, एक स्वच्छ पाण्याची, एक घाणीची. ब्रश धुऊन झाला की टोक बोटांनी जुळवून, केस वर करून उभा ठेवायचा, पाण्यात सोडायचा नाही. फडकी मात्र विकत घेऊ नकोस, बाजारातली नायलॉनची असतात, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतात. काकांची दोन धोतरं कपाटात खालच्या खणात घडी करून ठेवली आहेत. ती ने, फाडून कर. सुती आहेत, पाणी चांगलं पितात.